काढले ते ठेवले कुठे?

(सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे हे मुद्रित रूप. व्यासपीठावर करून दाखवलेल्या प्रयोगाचे उल्लेख जसेच्या तसे ठेवले आहेत.)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या सरांनी मला रसायनशास्त्र शिकवले ते प्रयोगशाळेत थोडे आणि गुऱ्हाळावर जास्त. अकरावीतल्या आम्हा दहा-बारा पोरांना ते एकदा थंडीतल्या पहाटे गुऱ्हाळावर घेऊन गेले. काहिलीत रस तापत होता. गुळव्याने रानभेंडी ठेचून भिजवलेले बुळबुळीत पाणी त्यात ओतले. जरा वेळाने रसातली सगळी घाण गोळा होऊन काळपट फेसासारखी वर आली. गुळव्याने ती मळी झाऱ्याने निपटून बाजूच्या डब्यात टाकली आणि रस पिवळाधमक दिसू लागला. आमचे लक्ष अर्थातच काकवीकडे. सरांनी विचारले, "रस निवळला हे सगळ्यांनी पाहिले. मळी कुठे गेली, हे कुणी पाहिले?"

कुणीच पाहिले नव्हते.

आजच्या विषयाचे नाव निमंत्रणपत्रिकेत लांबलचक छापले आहे: सांडपाण्यातील जड धातू व रंग आणि ते काढणारे जैविक पदार्थ. मला सांगायचे आहे ते मात्र सरांच्या त्या प्रश्नाएवढेच आहे. पाण्यातून घाण काढण्याचे पुष्कळ मार्ग आता माहीत झाले आहेत. काढले ते ठेवले कुठे, याचा हिशेब मांडल्याशिवाय त्यातला एकही मार्ग पुरा होत नाही.

आधी प्रयोग लावून ठेवू, कारण त्याला वेळ लागतो. टेबलावर तीन ग्लास आहेत. पहिल्यात मेथिलीन ब्ल्यूचे पाणी आहे. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघताना जो निळा रंग लावतात, तोच हा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लासांत आपल्या इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या कुठल्याही प्रोसेस हाऊसमध्ये मिळेल असा लाल रिॲक्टिव्ह रंग आहे. पहिल्या दोन ग्लासांत मी चमचा-चमचा बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, टाकतो. वाळवून, दळून, चाळून, चार पाण्यांनी धुतलेला. तिसऱ्यात कोलंबीच्या टरफलांपासून केलेले एक द्रव्य, व्हिनेगरमध्ये विरघळवून, थेंबाथेंबाने सोडतो. अधूनमधून ढवळायचे काम सभागृहाच्या मामांनी अंगावर घेतले आहे.

तोवर या पाण्यात असते काय, ते पाहू. धातू आणि रंग एकाच नाल्यातून वाहतात म्हणून आपण त्यांची नावे एका दमात घेतो, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. रंग हा रेणू आहे. अणू जोडून तो बनला, म्हणून तो तोडताही येतो. धातू हे मूलद्रव्य. क्रोमियम जाळा, पुरा, जिवाणूंच्या पुढ्यात टाका, शेवटी क्रोमियमच उरते. त्याचे रूप पालटेल, विषारीपणा कमी-जास्त होईल, पण ते नाहीसे होणार नाही. दुसरा फरक डोळ्यांना कळणारा. रंग चुगली करतो. लिटरमध्ये एक मिलिग्रॅमहून कमी असला तरी दिसतो. तळोज्याला २०१७ साली रस्त्यावरची कुत्री निळी झालेली दिसली, तेव्हा कासाडी नदीची बातमी देशभर गेली. कॅडमियमने कुत्रे निळे होत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत तीन मिलिग्रॅम. ते ना दिसते, ना चवीला लागते. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती करणाऱ्या गावांत बायकांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. त्यांच्या वेदनेच्या हाकेवरूनच त्या रोगाला 'इताई-इताई' हे नाव पडले. त्यामागे खाणीतून आलेले कॅडमियम आहे, हे सरकारने मान्य केले १९६८ साली. पाणी तेव्हाही नितळच दिसत असणार.

आता आपल्या लाल रंगाकडे येऊ. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ मध्ये पहिला व्यापारी कृत्रिम रंग बनवला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. सुताशी रासायनिक बंध जोडतात म्हणून ते धुण्यात जात नाहीत. पण रंगाईच्या बाथमध्ये सुताच्या भोवती पाणी असते आणि हा रंग सुताशी जुळतो तसा पाण्याशीही जुळतो. पाण्याशी जुळलेला रंग सुताच्या उपयोगाचा उरत नाही, तो थेट गटारात जातो. शिवाय रंग सुतावर बसावा म्हणून बाथमध्ये लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ घालावे लागते. या मिठाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

या सगळ्यात उसाचे चिपाड काय करणार? वनस्पती, शेवाळ, बुरशी, जिवाणू, सगळ्यांच्या पेशीभोवती भिंत असते. त्या भिंतीवर कार्बोक्सिल, फॉस्फेट, अमाइन अशा गटांच्या खुंट्या असतात. कार्बोक्सिलच्या खुंटीवर ऋण भार असतो आणि एरवी तिच्यावर सोडियम किंवा कॅल्शियम टांगलेले असते. शिसे आले की ते कॅल्शियमला खाली उतरवते आणि स्वतः तिथे बसते. पाण्यात आम्ल वाढले तर हायड्रोजनचे आयन साऱ्या खुंट्या अडवतात आणि शिशाला जागा उरत नाही. ही अडचण खरी, पण हीच सोयही आहे. धातूने भरलेला भुसा थोड्या आम्लात धुतला की धातू उतरतो, खुंट्या मोकळ्या होतात आणि भुसा पुन्हा वापरता येतो. क्रोमियमचा नखरा मात्र वेगळा. क्रोम प्लेटिंगच्या पाण्यातले सहा संयुजेचे क्रोमियम ऋणभारित असते, ते या खुंटीवर बसत नाही. आम्लयुक्त पाण्यात भुशातले पदार्थच त्याला तीन संयुजेच्या, पुष्कळ कमी विषारी रूपात आणतात आणि मग ते चिकटते.

गंमत अशी की या कामाला पेशी जिवंत लागत नाही. मेलेल्या पेशीची भिंत तशीच राहते, तिला खायला घालावे लागत नाही आणि विषाने ती पुन्हा मरत नाही. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल व्होलेस्की आणि मारिओस त्सेझोस यांनी १९८१ मध्ये दाखवले, की शिळ्या पावावर येणाऱ्या बुरशीच्या कुळातली एक बुरशी, मेलेली असतानाही, पाण्यातले युरेनियम आणि थोरियम ओढून घेते. पुढे व्होलेस्कींचे लक्ष सरगॅसम या तपकिरी समुद्रशेवाळावर गेले. त्याच्या भिंतीत अल्जिनेट खच्चून भरलेले असते, म्हणजे खुंट्यांची दाटी. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही सरगॅसम उगवते.

मामा, ग्लास जरा उजेडात धरा. पहिल्या ग्लासातले पाणी जवळजवळ रंगहीन झाले आहे आणि तळाचा भुसा निळा पडला आहे. दुसऱ्यात तोच बगॅस, तेवढाच चमचा, तेवढाच वेळ, आणि पाणी लाल ते लालच. मेथिलीन ब्ल्यू धनभारित असल्याने ऋण खुंट्यांना चिकटला. आपल्या गावचा रिॲक्टिव्ह लाल ऋणभारित. दोन ऋण एकमेकांना दूर लोटतात. आता तिसरा ग्लास. लाल रंगाच्या गाठी होऊन खाली बसू लागल्या आहेत. कोलंबीच्या टरफलातल्या कायटिनपासून केलेल्या या द्रव्याला कायटोसान म्हणतात. व्हिनेगरमध्ये त्याच्या अमाइनच्या खुंट्यांवर धनभार चढतो आणि ते ऋणभारित रंगाला मिठी मारते. हेच द्रव्य मी जास्त ओतले असते, तर जादा धनभाराने गाठी एकमेकींपासून लोटून पुन्हा विखुरल्या असत्या. पोळ्यांच्या कणकेसारखे हे काम आहे, पाणी अंदाजानेच घालायचे.

तर मंडळी, 'जैविक पदार्थ रंग काढतो' हे वाक्य पुरे नाही. कोणता पदार्थ, कोणता रंग, किती आम्लता, पाण्यात आणखी काय आहे, हे सगळे सांगावे लागते. केळीची साल, शेंगांची टरफले, नारळाचा काथ्या, चिंचोके, तांदळाचा कोंडा, कडुनिंबाची पाने... असल्या पदार्थांवर जगभर हजारो शोधनिबंध निघाले आहेत. त्यातले बहुतेक प्रयोग शुद्ध पाण्यात एकच धातू किंवा एकच रंग घालून केलेले. आपल्या नाल्यात रंगांचे मिश्रण असते, मीठ, साबण, स्टार्च आणि वर कॅल्शियम. खुंटीसाठी सगळ्यांची रांग लागलेली.

मीही त्या हजारांतलाच एक. वीसेक वर्षांपूर्वी एका छोट्या प्रोसेसवाल्याने मोठ्या मनाने मला आवारात एक प्लॅस्टिकचे पिंप ठेवू दिले. मी त्यात बगॅसचा भुसा भरला आणि वरून रंगाचे पाणी सोडले. पहिल्या दिवशी पाणी खाली आले, आणि ते चहासारखे तपकिरी होते. रंग काढायला गेलो आणि बगॅसने आपलाच रंग आणि गोडवा पाण्यात सोडला. सांडपाण्याचा सेंद्रिय भार कमी व्हायचा तो वाढला. दुसऱ्या दिवशी भुसा फुगून पिंप तुंबले. तिसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटला की कामगारांनी जेवायची जागा बदलली. मालक एकच म्हणाले, "सर, आता हे पिंप तुमचे." आज बगॅस चार पाण्यांनी का धुतला, ते आता कळले असेल. पण त्या चार पाण्यांचाही हिशेब ठेवावा लागतो, हे मी त्या पिंपाकडून शिकलो.

थोडे गणित करू. समजा, एका प्लेटिंगच्या कारखान्यातून रोज एक लाख लिटर पाणी निघते आणि त्यात लिटरला १० मिलिग्रॅम क्रोमियम आहे. म्हणजे दिवसाला एक किलो क्रोमियम. आपला भुसा ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम धरतो असे माना. एक किलो क्रोमियमला वीस किलो भुसा लागेल. प्रत्यक्षात निम्मीच क्षमता हाती येते असे धरा, म्हणजे चाळीस किलो. आम्लाने धुऊन दहा वेळा वापरला तर दिवसाला चार किलो. हे जमण्यासारखे आहे. आता रंगाचे करू. रोज दहा लाख लिटर पाणी, लिटरला २०० मिलिग्रॅम रंग, म्हणजे दिवसाला दोनशे किलो रंग. ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम धरणारा चांगला पदार्थ मिळाला तरी रोज दोन टन लागेल. रंग आम्लाने सहज उतरत नाही. दोन टन रंगीत, ओला, सडणारा भुसा रोज कुठे टाकणार? पंचगंगेत जाणारा रंग आपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरला, एवढेच.

आणि हा भुसा फुकट मिळतो, असे कुणी सांगितले? शोधनिबंधात बगॅसला 'टाकाऊ पदार्थ' म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला विचारा. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडच जळते, साखर कारखान्याचा बॉयलर बगॅसवर चालतो, त्यावर वीज होते, कागदवाले तो मागतात. ज्याला गिऱ्हाईक आहे ते टाकाऊ नव्हे. कोलंबीची टरफले खरोखरच टाकली जातात, पण त्यांचे कायटोसान करायला आधी आम्लाने चुना काढावा लागतो, मग प्रथिने काढायला कॉस्टिक, मग पुन्हा कडक कॉस्टिकमध्ये उकळावे लागते. त्या प्रत्येक पायरीला सांडपाणी निघते. एक नाला साफ करायला दुसरा नाला काढायचा, तर तो कुठे आणि किती, हे आधी मोजले पाहिजे.

हे व्यापारात उतरवण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेत १९८०च्या दशकात शेवाळाला सिलिका जेलमध्ये बसवून 'अल्गासॉर्ब' निघाले, बॅसिलस जिवाणूंच्या गोळ्यांचे 'बायोक्लेम' आले, तिथल्या खाणखात्याने पीट मॉसचे मणी बनवले. धातू धरण्यात यातले काहीच कमी नव्हते. पण आयन बदलणाऱ्या कृत्रिम रेझिनशी त्यांची गाठ पडली. रेझिनचा प्रत्येक मणी सारखा, मजबूत, वर्षानुवर्षे तोच. जैविक माल प्रत्येक खेपेला थोडा निराळा. रेझिनला ते बाजारातून हलवू शकले नाहीत.

एक प्रकल्प मात्र टिकला, आणि तो का टिकला हे पाहण्यासारखे आहे. नेदरलँड्समध्ये बुडेल-डोरप्लेइन नावाच्या गावी १८९२ पासून जस्ताचा कारखाना आहे. शंभर वर्षांत तिथल्या जमिनीखालचे पाणी जस्ताने आणि सल्फेटने दूषित झाले. १९९२ मध्ये तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लावले. ऑक्सिजन नसताना हे जिवाणू सल्फेटचे सल्फाइड करतात आणि सल्फाइड जस्ताला धरून तळाशी बसवते. त्या गाळात जस्त भरपूर असल्याने कारखान्याने तो परत आपल्याच भट्टीत घेतला. काढले ते ठेवले कुठे, याचे उत्तर तिथे पहिल्या दिवसापासून तयार होते.

आपल्याकडे हे शहाणपण नवे नाही. सोनाराच्या दुकानातली राख, केर आणि गटारातला गाळ विकत घेऊन, धुऊन त्यातले सोने-चांदी काढणारा झारेकरी आपल्या पेठांनी पाहिला आहे. हुपरीच्या चांदीचा व्यवसाय जवळच आहे, त्यामुळे धुळीची किंमत इथे सांगायला नको. झारेकऱ्याच्या हातून कण निसटत नाही, कारण कणाला भाव आहे. शिशाच्या, कॅडमियमच्या कणाला भाव नाही, म्हणून त्याचा झारेकरी जन्माला आला नाही. तिथे भावाची जागा कायद्याने घ्यायची असते. सहा संयुजेचे क्रोमियम नदी-नाल्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर सोडता येत नाही, असा नियम आपल्याकडे आहे. ते रोज मोजले गेले, तर क्रोमियमच्या कणालाही भाव येईल.

रंगाचे काय? रंग तोडता येतो, हे मघाशी म्हटले. कापडाच्या रंगांत ॲझो रंगांचे कुटुंब सर्वांत मोठे, आणि त्यांच्या मधोमध नायट्रोजनचे दोन अणू हात धरून उभे असतात. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जिवाणू ते हात सोडवतात आणि रंग जातो. पाहणारा टाळी वाजवतो. पण त्या तुटीतून ॲरोमॅटिक अमाइन निघतात, त्यातली काही कर्करोगकारक आहेत, आणि ती रंगहीन असतात. म्हणून पुढची टाकी हवेशीर लागते, जिथे दुसरे जिवाणू त्यांचा चट्टामट्टा करतात. पहिल्या टाकीवरच जो थांबला, त्याने दिसणारे विष न दिसणारे करून दिले. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीचा मार्ग याहून निराळा. लाकडातले लिग्निन फोडायला तिच्याकडे जी विकरे असतात, ती रंगाचा रेणूही फोडतात. तिच्या लिग्निन पेरॉक्सिडेज या विकराचा शोध १९८३ मध्ये लागला. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात कापडाच्या रंगांवर जिवाणू आणि वनस्पती वापरून पुष्कळ काम झाले आहे. प्रयोगशाळा आपल्यापासून फार लांब नाही. लांब आहे ते पिंपापासून टाकीपर्यंतचे अंतर.

आणि मीठ? मीठ ना बगॅसला चिकटते, ना कायटोसानला, ना जिवाणू ते खातात. तिरुप्पूरची नोय्यल नदी रंगाने बदनाम झाली, पण तिच्या काठच्या विहिरी आणि शेते मारली ती मुख्यतः मिठाने. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले आणि एक थेंबही बाहेर सोडायचा नाही या अटीवर पुढचा रस्ता ठेवला. त्यासाठी पाणी पडद्यातून गाळून, उरलेले आटवून मीठ वेगळे काढावे लागते. हा मार्ग महाग आहे, पण यात मिठाचा ढीग डोळ्यांसमोर राहतो आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न टाळता येत नाही.

जाता जाता आपल्या पंचगंगेवरची जलपर्णी. जानेवारी उलटली की पात्र हिरवे होते आणि आपण शिव्या देतो. तिची मुळे पाण्यातले धातू ओढतात हे खरे आहे, वाळवलेल्या मुळांची पूडही धातू धरते. काही उत्साही मंडळी म्हणतात, मग असू दे ना, नदी साफ होतेय. ती वेळेत बाहेर काढून योग्य ठिकाणी नेली तरच होतेय. पात्रातच सडली तर घेतलेले सगळे परत देते, वर कुजण्याने पाण्यातला ऑक्सिजन खाते. काठावर ढीग लावून ठेवला तर पहिल्या वळवात ते नदीतच उतरते.

मग जैविक पदार्थांची जागा कोणती? माझ्या मते ती ओळीच्या शेवटी आहे. मुख्य धातू आधी चुन्याने किंवा सल्फाइडने खाली बसवावा. उरलेल्या लिटरमागच्या एक-दोन मिलिग्रॅमांसाठी, जिथे चुना थकतो आणि रेझिन परवडत नाही, तिथे छोट्या प्लेटिंगवाल्याला आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येणारे शेवाळाचे किंवा कायटोसानचे मणी उपयोगी पडतील. त्या मण्यांचे धुवण गोळा करणारा गावात एक सामाईक झारेकरी हवा. रंगाच्या बाबतीत पहिली बचत बाथमध्येच. सुताला जास्त घट्ट धरणारा रंग, कमी पाणी, कमी मीठ. गडद बाथचे पाणी आणि शेवटच्या धुण्याचे पाणी एका नाल्यात सोडू नये. वेगळे ठेवलेले थोडे पाणी जिवाणूंच्या दोन टाक्यांना पेलते, एकत्र केलेली नदी पेलत नाही.

कुणी तुम्हाला नवे तंत्र दाखवायला आले, सालीचे, शेवाळाचे किंवा परदेशी यंत्राचे, तर नितळ ग्लासाकडे पाहून मान डोलावू नका. तळाशी काय बसले आहे ते विचारा, आणि ते उद्या कुठे जाणार, हेही.

व्याख्यान सुरू होण्याआधी मामांनी मला विचारले होते, "सर, हे झाल्यावर ग्लास मागच्या मोरीत ओतू का?" सभागृहाची मोरी कुठल्या गटाराला जोडली आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. मामा, निळा भुसा आणि लाल गाठी या बरणीत भरा आणि झाकण घट्ट लावा. त्यांचे काय करायचे ते मला अजून ठरवायचे आहे, तोवर बरणी माझ्याकडे राहील.